आधी मांडी जागी करा!

क्रांती चौकात सिग्नलला शेजारच्या गाडीवर कुणी नी-कॅप लावलेला माणूस दिसला की मला हल्ली राहवत नाही. त्याला थांबवून सांगावंसं वाटतं, की अहो, गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं तरी बहुतेक वेळा ऑपरेशनचा निर्णय त्याच आठवड्यात घ्यावा लागत नाही! थांबता येतं. आणि थांबायचं म्हणजे पाय उशीवर टेकवून पडून राहायचं नाही. थांबायचं म्हणजे कंबर कसून मेहनत करायची, गुडघ्याला बोलतं करायचं आणि मग त्यालाच विचारायचं, बाबा रे, तुला काय हवंय? ऑपरेशनला घाबरलेल्या लोकांनी शोधलेली ही पळवाट नाही. मोठमोठ्या सर्जनांनी आणि संशोधकांनीच हा रस्ता तपासलाय. चिठ्ठ्या टाकून माणसं दोन गटांत वाटली, वर्षानुवर्षं त्यांचा माग ठेवला आणि निकाल छापून टाकले. हे सगळं इतकी वर्षं उपलब्ध होतं आणि माझ्यापर्यंत आलं नव्हतं, याचं मला अजून नवल वाटतं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. संध्याकाळी बॅडमिंटन खेळते. मागच्या रेषेवर उंच आलेली शटल मारून एका पायावर उतरले, अंग वळलं आणि पाय वळला नाही. ‘कट्’ असा आवाज शेजारच्या कोर्टवर ऐकू गेला. रात्रीपर्यंत गुडघा टम्म फुगला. पुढे कळलं, एसीएल तुटलं होतं. एसीएल म्हणजे गुडघ्याच्या मधोमध असलेल्या दोन आडव्यातिडव्या बंधांपैकी पुढचा. तो तुटताना आत रक्त सांडतं, म्हणून सूज काही तासांतच चढते.

आमच्या उस्मानपुऱ्यात बातमी पसरायला कितीसा वेळ! एकनाथ रंगमंदिराकडून पीर बाजारापर्यंत लंगडत गेले तर प्रत्येक दुकानाच्या पायरीवरून एकेक सल्ला. “ताई, एकडाव हाडवैद्याला दाखवा, लचक काढून देतेत.” “मॅडम, तेलाची मालिश करायलाव का नाही?” धाकट्या दिरांचं मत एकदम ठाम, “वहिनी, दुर्बिणीतून करून टाका, विषय संपला. माझ्या मित्राचं केलं, आता पळतोय तो.” आईचा फोन, तिचं उलटंच, “काही झालं तरी गुडघ्याला कात्री लावून घेऊ नकोस.” प्रत्येकाला माझी काळजी होती आणि प्रत्येकाला उत्तर माहीत होतं. प्रश्न मात्र कुणीच विचारत नव्हतं. 

प्रश्न विचारला तो सर्जनांनी. त्यांनी आधी मला टेबलावर झोपवलं, गुडघा थोडासा वाकवला, एका हातानं मांडी धरली आणि दुसऱ्या हातानं नडगी पुढे ओढली. बस्स, एवढंच! चांगल्या पायाची नडगी जराशी सरकून ठक्कन थांबली, दुखऱ्या पायाची थांबलीच नाही. मला स्वतःला ते आतून कळलं. सुई नाही, यंत्र नाही, नुसते दोन हात. फिलाडेल्फियाच्या जॉन लॅकमन यांची ही पद्धत, त्यांच्या शिष्यानं ती 1976 मध्ये छापली आणि आजही जगभर एसीएलची पहिली परीक्षा हीच. मग एमआरआय झाला, त्यानं तेच सांगितलं. एसीएल पूर्ण तुटलेलं, हाडाला आतून मुका मार, दोन हाडांमधल्या गादीची कड किंचित खरचटलेली पण टाके घालावेत असं काही नाही.

मी विचारलं, “सर, मग तारीख कधीची?”

ते म्हणाले, “ऑपरेशन करता येईल, चांगलं होतं. पण आज तुमचा गुडघा सुजलाय, पूर्ण सरळ होत नाही, मांडी झोपलीय. असल्या गुडघ्यावर घाईनं ऑपरेशन केलं तर तो आखडून बसण्याची भीती. तुमची गादी अडकलेली नाही, बाकीचे बंध शाबूत आहेत, तेव्हा आपल्याला वेळ आहे. आधी मांडी जागी करा. मग मला एकाच गोष्टीचं उत्तर द्या, गुडघा निसटतो का? त्यावर ठरवू.”

मी घरी आले आणि वाचायला बसले. आणि स्वीडनची ती चाचणी सापडली!

लुंड विद्यापीठातल्या संशोधकांनी 18 ते 35 वयाची, खेळणारी-पळणारी 121 माणसं निवडली. सगळ्यांचं एसीएल ताजं तुटलेलं. अगदी वरच्या दर्जाचे व्यावसायिक खेळाडू तेवढे वगळले. चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. 62 जणांचं लवकर ऑपरेशन आणि त्यानंतर व्यायाम. उरलेल्या 59 जणांना नुसता व्यायाम, पण एक दार उघडं ठेवलेलं. गुडघा दगा देत राहिला तर ऑपरेशन करून मिळेल. 2010 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये दोन वर्षांचा निकाल आला. दुखणं, रोजची कामं, खेळ, जगण्याचं समाधान, सगळ्याचे गुण मांडले तर दोन्ही गटांत म्हणावा असा फरक नाही! आणि दुसऱ्या गटातल्या 59 पैकी ऑपरेशनकडे वळले किती? 23. पाच वर्षांनी पुन्हा मोजलं, 2013 मध्ये ‘बीएमजे’त छापलं, तेव्हा हा आकडा 30 झाला होता. म्हणजे साधारण निम्म्यांना ऑपरेशन लागलं आणि निम्म्यांना लागलंच नाही. क्ष-किरणात संधिवाताच्या खुणा शोधल्या, तिथेही दोन्ही गट सारखेच. आपण सगळे समजून चाललेलो असतो, की आत्ता ऑपरेशन केलं म्हणजे म्हातारपणीचा संधिवात टळला. तसं काही त्या पाच वर्षांत दिसलं नाही.

मी हे आमच्या यांना रात्री उठवून वाचून दाखवलं. कारण विचार करा, ऑपरेशन न लागलेल्या त्या निम्म्यांपैकी प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात टेबलावर घेतलं असतं, तर तो जन्मभर म्हणाला असता, ऑपरेशननं मला बरं केलं. आणि आपल्याला ऑपरेशनशिवायही बरं होता आलं असतं, हे त्याला कधीच कळलं नसतं! वाट पाहिल्याशिवाय कुणाला कळणार तो कुठल्या निम्म्यात आहे? 2021 मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी 167 जणांवर पुन्हा असंच करून पाहिलं. लवकर ऑपरेशन झालेल्यांचे गुण किंचित वर आले, पण रोजच्या जगण्यात जाणवावेत इतके नाहीत, असं ते स्वतःच लिहितात. आणि व्यायामाच्या गटात ऑपरेशनकडे वळले किती? पुन्हा निम्मेच.

थांबण्याची किंमत नसते असं नाही. थांबलेल्या काहींच्या गाद्यांना नंतर त्रास झाला, त्यांची कामं मागाहून करावी लागली. एकेकदा गुडघा निसटतो तेव्हा आतल्या गादीला आणि कूर्चेला तो रगडतो. म्हणूनच सर्जनांचा तो एक प्रश्न इतका मोलाचा होता.

आता मांडीबद्दल सांगते, कारण खरा चमत्कार तिथे आहे.

फिजिओ मॅडमनी पहिल्या दिवशी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली आणि म्हणाल्या, “ही खाली दाबा. मांडी आवळा.” मी आवळली. म्हणजे मनानं आवळली, मांडी हललीच नाही! स्वतःच्या अंगाला हुकूम द्यावा आणि तो पोचूच नये, हा अनुभव मी आधी कधी घेतला नव्हता. स्नायू फाटलेला नव्हता, नस तुटलेली नव्हती. मॅडमनी समजावलं, गुडघ्यात पाणी भरलं की सांध्यातून निघणारे संदेश मज्जारज्जूपाशीच मांडीच्या पुढच्या स्नायूला दाबून टाकतात. निरोगी माणसाच्या धडधाकट गुडघ्यात नुसतं मिठाचं पाणी टोचलं तरी त्याची मांडी मंदावते, हे प्रयोग करून पाहिलेलं आहे. म्हणजे दुखापत गुडघ्यात आणि संप मांडीत! मग विजेचे हलके झटके देणारं यंत्र लावून तो स्नायू उठवायचा, बर्फ लावून सूज उतरवायची, टाच उंचावर ठेवून गुडघा वजनानं सरळ होऊ द्यायचा. एका सकाळी गुंडाळी दाबली आणि गुडघ्याच्या वाटीच्या वर, आतल्या बाजूला, मांस जरासं थरथरलं. मी आणि फिजिओ मॅडम दोघी ओरडलो.

गुडघा सरळ होणं इतकं महत्त्वाचं का, हे कळलं तेव्हा तर मी शाळेत सांगाड्याचं चित्र लावून अख्खा तास त्यावर घेतला. पाय सरळ करताना शेवटच्या काही अंशांत नडगी किंचित बाहेरच्या बाजूला फिरते आणि सांधा घट्ट बसतो. म्हणून माणूस मांडीला फारसे श्रम न देता रांगेत तासन् तास उभा राहू शकतो. पुन्हा वाकायचं तर गुडघ्यामागचा एक छोटासा स्नायू ती फिरकी उलगडतो आणि मगच गुडघा वाकतो. आपण दिवसातून कितीतरी वेळा हे करतो आणि आपल्याला पत्ता नसतो! मुलांनी तो सगळा तास आपापल्या गुडघ्यावर हात ठेवून उठबस केली.

पुढची गोष्ट तर आणखी भारी. एसीएलचं काम काय? नडगीला पुढे सरकू न देणं. आता मांडीच्या मागचा स्नायू आवळून बघा. तो नडगीला कुठे ओढतो? मागे! म्हणजे तुटलेल्या बंधाचं काम काही अंशी करणारा गडी आपल्याच पायात हजर आहे, त्याला फक्त वेळेवर धावून यायला शिकवायचंय. वेळेवर हाच कळीचा भाग. कारण एसीएल निव्वळ बांधून ठेवणारा पट्टा नाही. त्यात संवेदनेची टोकं आहेत, गुडघा कुठल्या कोनात आहे हे ती मेंदूला कळवत असतात. बंध तुटला की तीही बातमी तुटते. ती पुन्हा मिळवायची स्नायूंकडून, त्वचेकडून, पावलाकडून. म्हणून एका पायावर उभं राहायचं, मग डोळे मिटून उभं राहायचं, मग हलणाऱ्या फळीवर उभं राहायचं. मी स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत एका पायावर उभी राहायचे. आधी पहिल्या शिट्टीलाच ओट्याचा आधार लागायचा, पुढे डाळ शिजेपर्यंत लागेनासा झाला.

पाठीवर झोपून कंबर उचलणं, भिंतीला टेकून अर्धं बसणं, जिन्याच्या पायरीवरून एका पायानं हळूहळू उतरणं, मग वजन घेऊन तेच. हे सगळं नेमानं, आठवड्यामागून आठवडे. ‘व्यायाम करून बघितला, फरक नाही पडला’ म्हणणाऱ्या कितीतरी जणांनी बिछान्यावर पडल्या पडल्या पाय वर-खाली केलेला असतो, तेवढ्याला या चाचण्या व्यायाम म्हणत नाहीत. घाम यायला हवा, वजन वाढत जायला हवं आणि डाव्या-उजव्या मांडीची ताकद मोजून बघायला हवी.

हे चालू असतानाच सासूबाईंचा गुडघा मध्ये आला. त्यांची साठी उलटलीय. कुठे पडल्या नाहीत, काही नाही, गुडघा दुखायला लागला म्हणून कुणाच्या तरी सांगण्यावरून एमआरआय काढला. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, आतल्या बाजूची गादी फाटलेली. तो शब्द वाचून त्या खचल्याच. “फाटली म्हणल्यावर शिवावीच लागंल की गं,” म्हणाल्या. त्यांना नाथषष्ठीला पैठणला जायचं होतं, दर्शनाच्या रांगेत उभं राहायचं होतं, एवढीच त्यांची मागणी.

मी पुन्हा वाचायला बसले, आणि आता जे सापडलं त्यानं तर माझी झोपच उडाली! अमेरिकेत फ्रेमिंगहॅम गावातल्या पन्नाशीपुढच्या 991 माणसांचे गुडघ्याचे एमआरआय काढले. दुखणाऱ्यांचे नव्हे, सरसकट सगळ्यांचे. 2008 मध्ये निकाल छापला. गादी फाटलेली निघाली त्यातल्या 61 टक्के लोकांना मागच्या महिनाभरात गुडघ्यात काहीही त्रास नव्हता! सत्तरीपुढच्या पुरुषांत तर निम्म्याहून अधिक जणांच्या गाद्या फाटलेल्या. म्हणजे वयानं केस पांढरे व्हावेत तशी गादी झिजून फाटते आणि माणूस खुशाल हिंडत असतो. मग सासूबाईंचं दुखणं त्या फाटण्यामुळेच आहे, हे कशावरून?

फिनलंडच्या लोकांनी तर यापुढचं पाऊल टाकलं. 35 ते 65 वयाची 146 माणसं घेतली, झिजून फाटलेल्या गादीची, संधिवात नसलेली. सगळ्यांना ऑपरेशनच्या खोलीत नेलं. दुर्बीण घालून आत पाहिलं. मग तिथेच पाकीट उघडलं. निम्म्यांची फाटकी गादी कापून साफ केली. उरलेल्यांची नुसती केल्याची बतावणी. सर्जननं हत्यारं मागितली, यंत्र चालवल्याचा आवाज केला, गुडघा हलवला, तेवढाच वेळ पेशंटला आत ठेवलं आणि टाके घालून बाहेर आणलं. कुणाचं काय केलं हे पेशंटला माहीत नाही, नंतर तपासणाऱ्यांना माहीत नाही. एका वर्षानं विचारलं. दोन्ही गट सुधारलेले, दोन्ही सारखेच सुधारलेले! 2013 मध्ये हे छापून आलं. त्याच्या अकरा वर्षं आधी ह्यूस्टनमध्ये संधिवाताच्या 180 रुग्णांवर अशीच लटक्या ऑपरेशनची चाचणी झाली होती, तिचाही सूर हाच. नॉर्वेत 140 मध्यमवयीन लोकांत व्यायाम विरुद्ध गादी कापणं अशी तुलना झाली, 2016 मध्ये निकाल आला. दोन वर्षांनी फरक नाही, आणि सुरुवातीच्या महिन्यांत मांडीची ताकद व्यायामवाल्यांचीच जास्त.

त्या 146 माणसांना माझा दंडवत. खोटं ऑपरेशन वाट्याला येऊ शकतं हे ठाऊक असून ती टेबलावर झोपली, म्हणून आज उस्मानपुऱ्यातल्या एका बाईच्या गादीला कात्री लागली नाही!

एमआरआय म्हणजे घराचा नकाशा. भिंत कुठे तडकलीय ते त्यात दिसतं, पण आत माणसं कशी नांदतात ते दिसत नाही. सासूबाईंना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, “मग नकाशा ठेव कपाटात, काय करायचं ते सांग.” आता त्या रोज सकाळी खुर्चीतून हात न टेकता उठतात आणि बसतात, भिंतीला टेकून अर्ध्या बसतात, आणि मी विसरले तर मलाच हाक मारून आठवण करतात. नाथषष्ठीला पैठणला जाऊन आल्या. गुडघा दुखत नाही असं नाही, पण तो आता त्यांना अडवत नाही.

एक गोष्ट मला इथे मनापासून सांगायचीय. या चाचण्या ज्या देशांत झाल्या तिथे सहसा कुणी मांडी घालून पंगतीत जेवत नाही, उकिडवं बसून भांडी घासत नाही. आपल्या गुडघ्याकडून आपण किती वेगळ्या गोष्टी मागतो! म्हणून आपल्याला डॉक्टरांना ‘मी चालू शकेन का’ एवढंच विचारून चालणार नाही. मी खाली बसू शकेन का, पूजेला मांडी घालू शकेन का, तिसऱ्या मजल्यावर गॅसची टाकी चढवू शकेन का, हे विचारायला हवं. निर्णय त्या उत्तरांवर होतो.

आता कुणी म्हणेल, म्हणजे तुम्ही ऑपरेशनच्या विरोधात आहात. मुळीच नाही! आमच्या मागच्या गल्लीतला एकोणीस वर्षांचा पोरगा कबड्डीत चढाई करतो. पकड सोडवताना त्याचा गुडघा पिळला. त्यानं माझ्यापेक्षा दुप्पट व्यायाम केला, मांडी दगडी झाली, तरी वळताना गुडघा निसटायचाच. एकदा तर खुर्चीतून उठून नुसतं मागे बघताना निसटला. वर त्याची गादी फाटून तिचा पट्टा सांध्यात अडकला, पाय सरळ होईना. असा अडकलेला गुडघा थांबण्यातला नसतो. शिवाय तरुण वयात, रक्तपुरवठा असलेल्या बाहेरच्या कडेला फाटलेली गादी टाके घालून वाचवता येते आणि ती वाचवायलाच हवी. त्याच्या वडिलांनी मला विचारलं, “ताई, तुम्ही तं ऑपरेशन नको म्हणायल्या ना?” मी त्यांना ब्रिटनची चाचणी दाखवली. 2022 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेली, 316 जणांची. जखम ताजी नाही, गुडघा निसटतच राहिलाय, अशा लोकांत ऑपरेशनवाल्यांचे गुण दीड वर्षांनी स्पष्टपणे वर होते. स्वीडनची चाचणी आणि ब्रिटनची चाचणी एकमेकींच्या विरोधात नाहीत, हा उजेड ज्या क्षणी माझ्या डोक्यात पडला, त्या क्षणी मी खुर्चीतून उठले. एक म्हणते, ताज्या दुखापतीत थांबून बघा. दुसरी म्हणते, थांबून बघितलं, निसटतोच आहे, आता करा! सर्जनांचा तो एक प्रश्न दोन्हींच्या बरोबर मधे उभा आहे.

आणि ऑपरेशन म्हणजे तरी काय विलक्षण गोष्ट आहे! 1918 मध्ये टोकियोत केंजी ताकागी यांनी मूत्राशय तपासायची दुर्बीण एका मृत माणसाच्या गुडघ्यात घालून पाहिली. तिथून सुरुवात. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी ती दुर्बीण वापरण्याजोगी केली आणि 1962 मध्ये दुर्बिणीतून फाटक्या गादीचा तुकडा काढला. आता तर मांडीमागच्या किंवा वाटीखालच्या कंडरेचा तुकडा काढून, छोट्या छिद्रांतून हाडांना बोगदे पाडून, नवं एसीएल बसवतात. ऋषभ पंतचं आठवा. 30 डिसेंबर 2022 चा तो गाडीचा अपघात, मग मुंबईच्या कोकिलाबेन रुग्णालयात जानेवारीत गुडघ्याच्या बंधांची शस्त्रक्रिया, 2024 च्या मार्चमध्ये तो आयपीएलमध्ये यष्टींमागे उकिडवा बसलेला, आणि जूनमध्ये विश्वचषक जिंकणाऱ्या संघात! कुस्तीपटू विनेश फोगटचं एसीएलचं ऑपरेशनही मुंबईतच झालं, ऑगस्ट 2023 मध्ये. पुढच्या ऑगस्टमध्ये तिनं पॅरिसला ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत धडक मारली. अशा गुडघ्यांना व्यायामावर थांबवून कुणी ठेवू नये.

पण त्या पोराला मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. बसवलेली कंडरा पहिल्या दिवशी लिगामेंट नसते. तिच्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात, ती आतून बदलत जाते, आणि मधले काही आठवडे ती बसवली त्या दिवसापेक्षाही कमजोर असते. नेमकं तेव्हाच सूज उतरलेली असते, दुखणं थांबलेलं असतं आणि पोरांना वाटतं आपण बरे झालो! नॉर्वेच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवलं, की खेळात परतणं नऊ महिन्यांपर्यंत जितकं लांबवाल, तितका पुन्हा दुखापतीचा धोका दर महिन्याला साधारण निम्म्यानं उतरतो. दर महिन्याला निम्म्यानं! त्याचं ऑपरेशन छान झालं, आणि आता आम्ही दोघं एकाच फिजिओकडे शेजारशेजारच्या फळ्यांवर तोल सांभाळत उभे असतो.

माझं काय ठरलं? मी गोगाबाबा टेकडी चढले आणि उतरले, उतरताना गुडघा एकदाही निसटला नाही. एका पायानं उड्या मारून दोन्ही पायांचं अंतर मोजलं, दुखरा पाय चांगल्याच्या अगदी जवळ पोचला. सर्जनांनी पुन्हा नडगी ओढून पाहिली, ती अजूनही जास्तच सरकते. पण मी चालते, वळते, जिना उतरते तेव्हा सरकत नाही! ते म्हणाले, “तुमचा गुडघा जमवून घेतोय. तूर्त ऑपरेशन नको.” मी सिंगल्स सोडलं, डबल्स ठेवलं, आणि आठवड्यातले मांडीचे व्यायाम कायमचे पत्करले. पुढे कधी निसटायला लागला तर मी आनंदानं ऑपरेशनला जाईन, तेव्हा जागी मांडी घेऊन जाईन.

हे एवढ्यावर थांबलं असतं तरी मी खूश होते. पण परवा आणखी एक वाचलं आणि पुन्हा सगळं ढवळून निघालं. आपण शिकतो, तुटलेलं एसीएल कधी जुळत नाही. स्वीडनच्या त्याच चाचणीतले जुने एमआरआय पुन्हा तपासले, तर निव्वळ व्यायामावर राहिलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांच्या गुडघ्यात दोन वर्षांनी बंध पुन्हा सलग दिसत होता! आणि ऑस्ट्रेलियात 80 जणांचा गुडघा दुखापतीनंतर लगेच काटकोनात वाकवून चार आठवडे ब्रेसमध्ये ठेवला, तुटलेली टोकं जवळ यावीत म्हणून. तीन महिन्यांनी दहापैकी नऊ जणांच्या एमआरआयमध्ये जुळण्याच्या खुणा. तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे यावर अजून पक्की चाचणी व्हायला हवी, पण केवढी दारं उघडतायत!

मी लगेच सर्जनांना विचारलं, माझाही एमआरआय पुन्हा काढायचा का? ते म्हणाले, “गुडघा निसटत नाही ना? मग कशाला?” बरोबर आहे त्यांचं. तरी मला बघायचाच आहे!